तार मी हलवली नोती

संस्थेच्या खोलीत मी आजही झाडू मारते, पन काम्पुटरच्या टेबलाखाली मारत नाई. तिथी धूळ साचली तर साचू देते. बाया हासतेत. म्हन्तेत, बुडीनं तेवढी जागा देवाले सोडली.

आमचा तालुका सावली, तिथून बारा-तेरा किलोमीटरवर आमचं गाव. गावाले मोठा तलाव. आमी बायाइनं मिळून मासेमारीची संस्था काढली अन् त्या तलावाचा ठेका घेतला, त्याले आता लय वर्सं झाली. आमचे मानसं आधी दुसऱ्याच्या ठेक्यात मजुरीनं जाळं ओढत. मासा त्याइच्या हातून निघे अन् गाडीत चढे, घरी येई रिकामं टोपलं. संस्था झाली तवापासून मासा आमचा झाला. काठावर पळसाची पानं मांडाची, जेवढे घरं तेवढे हिस्से पाडाचे. विधवेच्या घरचाही हिस्सा, बाळंतिनीच्या घरचाही. अन् रीत अशी, का जो हिस्से पाडते तो शेवटी उचलते. मंग तो हिस्से बरोबर पाडते. कोनाले तराजू लागत नाई.

संस्थेच्या खोलीची किल्ली माह्याजवळ. मी चवथीपर्यंत शिकली. चवथीतून मले काढलं ते भावापाई. आई गेली तवा तो रांगत होता, बाप तलावावर. मंग त्याले कमरेवर घेऊन मीच घर केलं. पुढं माहं लगन झालं ते गावातच, म्हनून तो माह्याच दारात वाढला. नवरा तापानं गेला, तवा मी टोपलं डोक्यावर घेऊन सावलीच्या बाजारात मासे इकाले लागली. भावाले बारावी केलं. मंग गडचिरोलीले काम्पुटरचा कोर्स केला त्यानं. मले बरं वाटे. एक तरी हात चिखलाच्या बाहेर आला म्हनून.

काम्पुटर आला गडचांदूरकडून. तिकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या हाफिसातले जुने डबे वाटून राह्यले होते, त्यातला एक आमच्या अध्यक्षीनबाईनं मांगून आनला. भावाले त्याच्यावर बसवलं. सारे कागद, फारम त्याच्या हाती. अध्यक्षीनबाई म्हने, घरचाच मानूस आहे, बाहेरचा कायले पाह्यजे.

पहिल्याच वर्सी खोलीपुढच्या झाडावर वीज पडली. झाड वाचलं, पन डब्याच्या मांगचं नेटचं भोक भाजलं. पुरं मेलं नाई, अर्ध मेलं. मनात आलं तर हिरवा दिवा लागे, नाई तर नाई. भावानं चंदरपूरहून एक कार्ड आनलं, पत्त्याएवढं, हिरव्या रंगाचं. डब्याचा पत्रा काढून आत बसवलं. आता मांगं दोन भोकं झाली, एक जुनं, एक नवं. तार नव्यात टोचली, तरी नेट नाई.

मी झाडू धरून मांगंच उभी होती. त्यानं मले पडद्यावर दाखवलं. लांब यादी होती, अन् तिच्यात एका नावासमोर पिवळं निशान, भंडाऱ्याचं बोट लावावं तसं. तो म्हनला, "बाई, आत आता दोन कार्डं आहेत. दोघंही म्हन्तेत तार माही. काम्पुटर एकाचा डायव्हर दुसऱ्याले लावते अन् मंग दोघंही बसून राह्यतेत."

माह्याकडचे सारे मले बाईच म्हन्तेत, तोही.

मी इचारलं का डायव्हर म्हनजे कोन. त्यानं सांगतलं, डोंगा आहे तर डोंग्यावाला पाह्यजे ना, तसं. कार्ड म्हनजे डोंगा, डायव्हर म्हनजे त्याले चालवनारा. जुन्या डोंग्याचा नावाडी नव्या डोंग्यात बसला तर उलटवते.

मंग त्यानं डबा बंद करून परत चालू केला अन् चालू होता होता एक बटन टकटक टकटक दाबत राह्यला. निळा पडदा आला, पांढऱ्या अक्षराचा. खाली खाली गेला, जुन्या भोकाले तिथून बंद करून टाकलं. मंग यादीतून जुन्याचा डायव्हर काढला, कार्डासंगं आलेली सीडीची तबकडी घालून नव्याचा टाकला, पिवळं निशान गेलं. मांगं हिरवा दिवा लुकलुकाले लागला. मले इंग्रजी वाचता येत नाई, पन निळा पडदा मी पाह्यला होता. अन् आमच्या गावात त्या पडद्यात जानारा एकच मानूस होता, हेही मले माहीत होतं.

तीन-चार वर्सं काही झालं नाई.

मंग ठेक्याचं वर्स आलं. ठेका संपला का नवा फारम भराचा, तो आता कागदावर घेत नाई, नेटवर घेतेत. त्याच्यावर सही कराले एक कांडी असते, बोटाएवढी, काम्पुटरले टोचाची. संस्थेची कांडी टेबलाच्या खनात राहे. फारम नाई गेला तर तलाव जानार, एवढं साऱ्या बायाइले समजत होतं.

महिनाभर आधी नेट बंद पडलं. भाऊ खाली वाकला, मांगं हात घातला, मंग माह्याकडं पाहून म्हनला, "बाई, झाडताना तार हलवली तू." मी म्हटलं, हलली अशीन बापा. तो अर्धा घंटा बसला, नेट आलं. दोन दिवसानं परत गेलं. परत तेच बोलनं, या बारीले अध्यक्षीनबाईच्या समोर. चवथ्या बारीले बाया बोलू लागल्या. एक म्हने, बुडीचा झाडू नेट खाते. दुसरी म्हने, तिले मासे कमी पडले म्हनून नेट खाते. मी हासली त्याइच्यासंगं. काय करनार? म्हातारपनी हात कापतेत, मले वाटलं खरंच माह्या हातानं होऊन राह्यलं. रातच्याले निजल्यावरही ध्यानात येई, का आज झाडू तारेले लागला का नाई.

मी तिथी झाडनं सोडलं. तरी नेट गेलं. तरी नाव माहंच आलं, का पदर अडकला अशीन.

तवा मी एक केलं. आमच्या तलावात प्रत्येक घराच्या जाळ्याले आपली गाठ असते. दोरीच्या टोकाले, पान्यात असते तिथी. माही गाठ माह्या सासूनं शिकवली, दोन पेड उलटे अन् एक सुलटा. कोनी जाळं उचललं अन् परत बांधून ठेवलं तरी मले समजते, कारन तशी गाठ दुसऱ्याच्या हाती येत नाई. जाळ्याचा धागा घेतला अन् तार ज्या भोकात होती तिथी, बाजूच्या स्क्रूले धरून तशी गाठ मारली. आता तार काढाची तर गाठ सोडा लागे.

तिसऱ्या दिवसी नेट गेलं. मी खाली वाकून पाह्यलं. गाठ माहीच. तशीच.

मी भावाले बोलावून दाखवलं. म्हटलं तार तर हलली नाई, पाहून घे. त्यानं पाह्यलं अन् हासला. "गाठीनं नेट चालते का, बाई?" बाकीच्या बायाही हासल्या. मी उठून बाहेर गेली, पायरीवर बसली. खोटं नाई बोलत, त्या दिवसी माह्या पोटात एक गोष्ट आली होती. निळा पडदा डोळ्यापुढं आला होता. पन मी ती गोष्ट गिळली. ज्याले कमरेवर घेऊन पानी भरलं त्याच्याबद्दल असं मनात आनलं म्हनून मीच माह्या तोंडात मारून घेतलं.

दहा दिवस उरले अन् नेट पुरं गेलं. आता अर्धा घंटा बसूनही येईना. अध्यक्षीनबाई म्हनली का मंग सावलीले जाऊ, तिथी फारम भरनारे दुकानवाले आहेत, कांडी घेऊन जाऊ. भावानं मान हलवली. म्हनला, कांडी या मशीनची आहे, दुसऱ्या मशीनवर चालत नाई. तिथी लावली तर खराब होईन.

अन् आमी मानलं. आता लोक हासतेत, पन आमी काऊन मानलं ते सांगते. आमच्याकडं एका तलावाचं जाळं दुसऱ्या तलावात टाकत नाई. टाकाचंच असलं तर उनात वाळवा लागते, नारळ फोडा लागते, अन् तरी जुने लोक नाक मुरडतेत. एका पान्याचा रोग दुसऱ्या पान्यात जाते म्हन्तेत. आमाले वाटलं कांडीचंही तसंच अशीन, ज्याची त्याले. एकीनंही इचारलं नाई. उलट मीच म्हनली, नका नेऊ वो, कांडी गेली तर सारंच जाईन.

तीन दिवस उरले तवा भाऊ म्हनला, चंदरपूरहून नवं कार्ड आनतो. सकाळच्या गाडीनं गेला. त्या दिवसी आला नाई, दुसऱ्या दिवसीही नाई. फोन लागे ना. मले काळजी वाटून राह्यली होती त्याची, का कुठी पडला-धडला तर नाई. हे मी आता सांगते तर मलेच कसंतरी वाटते.

शेवटच्या दिवसी अध्यक्षीनबाईनं तिच्या ओळखीतून चंदरपूरची एक दुरुस्तीवाली पोरगी बोलावली. पाठीवर पिसवी, पायात बूट, बोलनं कमी. बसनं आली ती तीनच्या वर झाले होते. फारमाची येळ पाचपर्यंत. आमी साऱ्या खोलीत भरल्या होत्या, उभ्याच. तिले एवढंच सांगतलं का नेट बंद आहे, लवकर चालू करून दे. फारमाचं कोनी बोललं नाई. आमाले वाटलं तिले त्याचं काय, तिचं काम नेटचं.

तिनं पहिले मांगं पाह्यलं. गाठ पाहून म्हनली, "ही कोनाची?" मी म्हटलं माही. ती म्हनली चांगली आहे, अन् न सोडता काम केलं. मंग यादी उघडली. पिवळे निशान दोन होते. ती म्हनली का आत दोन कार्डं भांडून राह्यलीत, जुन्या कार्डाचा डायव्हर नव्यावर टाकलेला आहे, काढला तरी परत बसते, कारन जुनं कार्ड चालूच आहे.

मी म्हटलं, "जुनं तर निळ्या पडद्यातून बंद केलं होतं."

तिनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. त्या खोलीत महिनाभरात पहिल्यांदा कोनी माह्याकडं तसं पाह्यलं. ती म्हनली, "मावशी, तुमाले माहीत आहे ना, मंग त्यातच जाऊ."

डबा बंद, परत चालू, टकटक टकटक. निळा पडदा आला नाई. एक छोटी पेटी आली, तिच्यात काही लिहा लागत होतं. ती म्हनली कोनीतरी इथी पासवर्ड लावला आहे. अध्यक्षीनबाईले इचारलं, तिले माहीत नाई. बाकी कोनाले तर पासवर्ड म्हनजे काय हेच माहीत नाई.

तिनं विजेची वायर काढली, पत्रा उघडला. आत एक गोल बॅटरी असते, बटनासारखी. ती नखानं उचलून बाहेर काढली अन् टेबलावर ठेवली. म्हनली थोडा येळ थांबा लागते, मंग तो सारं इसरते, पासवर्डही. आमी त्या बॅटरीकडं पाहत उभ्या होतो. भिंतीवरच्या घड्याळात सवाचार झाले.

बॅटरी परत बसवली. या बारीले निळा पडदा आला. तिनं जुन्या कार्डाले बंद केलं, बाहेर आली, दोघाइचेही डायव्हर काढले, मंग तबकडी मांगतली. तबकडी मिळेना. खनात नाई, आलमारीत नाई. शेवटी तिनं आपल्या पिसवीतून आपला लॅपटॉप काढला, फोनचं नेट लावलं, त्याच्यावरून डायव्हर उतरवला अन् पेन डायव्हमधी घालून डब्यात टाकला. डबा म्हातारा, मीही म्हातारी, दोघंही आपल्या येळेनं चालतेत. पिवळे निशान गेले. मांगं हिरवा दिवा लागला.

पाच वाजून बारा मिनिटं.

अध्यक्षीनबाई खाली बसली. पोरगीले समजेना, नेट तर आलं. तवा आमी सांगतलं, का तलावाचा फारम होता, पाचपर्यंत. तिनं इचारलं का सहीची कांडी कुठी आहे. खनातून काढून दिली. तिनं ती आपल्या लॅपटॉपले टोचली अन् दोन मिनिटात पडद्यावर आमच्या संस्थेचं नाव आलं.

ती हळूच म्हनली, "हे कुठंही चालते, बाई. मी आली तवाच सांगतलं असतं तर यावरूनच भरून दिला असता."

तीन वाजल्यापासून तो लॅपटॉप त्या पिसवीत होता. ती पिसवी माह्या पायापाशी ठेवली होती. कांडी महिनाभर खनात पडली होती. सावली बारा किलोमीटर.

जाताना ती माह्यापाशी थांबली. म्हनली, "मावशी, हे तारेनं होत नाई. झाडूनं तर होतच नाई. कोनीतरी आत जाऊन जुनं चालू केलं अन् दार लावून घेतलं." साऱ्या बायाइनं ऐकलं. माह्याकडं कोनी पाह्यलं नाई. झाडूची गोष्ट करनाऱ्या दोघी आधी निघून गेल्या.

निळ्या पडद्यात जानारा गावात एकच होता, हे आता मलेच माहीत होतं असं नाई.

चवथ्या दिवसी भाऊ आला. नवं कार्ड आनलं नोतं. पंधरा-वीस दिवसानं समजलं का तलाव एका बाहेरच्या ठेकेदाराच्या संस्थेले गेला. महिन्यानं समजलं का भाऊ त्याचा देखरेखीवाला झाला, डोंग्यावर उभा राहून जाळ्यावर नजर ठेवनारा. बाया भांडाले गेल्या त्याच्या दारावर. मी गेली नाई. तो माह्याकडं स्वतःच आला, चार-आठ दिवसानं, दुपारी. मी तांदूळ निवडून राह्यली होती. बस म्हटलं, बसला. पानी देलं, तो ते पेला.

मी इचारलं, "भाऊ, तार हलली होती का?"

तो जमिनीकडं पाहून म्हनला, "नाई, बाई."

"मंग माह्यावर काऊन टाकलं?"

सुपातले खडे मी काढत होती. मंग तो म्हनला, "दुसऱ्या कोनावर टाकलं असतं तर ती भांडली असती, डबा उघडाले लावलं असतं. तू सहन करते म्हनून."

हे मी कोनाले सांगतलं नोतं आजवर. तलाव गेला त्याचं दुख साऱ्याइचं आहे, ते वाटून घेतलं आमी. हे माहं एकटीचं. जन्मभर सहन केलं ते त्याच्याचसाठी केलं, अन् त्यानं ते पाहून ठेवलं होतं, जसं पान्यात मासा कुठी बसते ते पाहून ठेवतेत. मी त्याले शिवी देली नाई. निवडलेला तांदूळ उचलून आत गेली. बाहेर आली तवा तो नोता.

नव्या ठेक्यातली जाळ्याची पहिली ओढ निघाली त्या दिवसी आमी बाया मजुरीनं गेलो. जायचंच होतं, घरात चूल आहे. मासा बरफाच्या डब्यात भरून गाडीत चढला, आमच्या डोळ्यासमोर. काठावर पान मांडलं नाई कोनी. गाडी गेल्यावर भाऊ डोंग्यातून उतरला अन् पळसाच्या पानावर तीन रोहू ठेवून माह्यापाशी घेऊन आला. म्हनला, "बाई, तुहा हिस्सा. उचल."

बाया थांबून पाहत होत्या.

मी म्हटलं, "पाडनारा शेवटी उचलते. तू तर पहिलेच उचललं. आता हा हिस्सा नाई, भाऊ, हे तुहं उरलेलं आहे."

अन् पाय धुवून घरी आली. ते मासे कोनी नेले मी इचारलं नाई.

त्याले आता दोन वर्सं झाली. तो दिवाळीले येते, मी जेवाले वाढते, तो जेवते. तोडलं नाई मी, तोडून काय होते. पन त्याच्यापुढं आता मी हाताचं काम थांबवत नाई. अन् संस्था आमी मोडली नाई. चंदरपूरची ती पोरगी दोनदा येऊन गेली, आमच्यातल्या एका सुनेले निळा पडदा शिकवून गेली. पासवर्ड काय आहे तो त्या सुनेले, अध्यक्षीनबाईले अन् मले माहीत आहे. मी तो वाचू शकत नाई, पन कोनते बटन कोनत्या रांगेत दाबाचे ते मले पाठ आहे.

सहीची कांडी आता खनात राहत नाई. ती माह्या कमरेच्या बटव्यात असते, पान-सुपारीसंगं. फारमाचा दिवस परत येईन तवा डब्याचं नेट चालो का न चालो, मी सावलीची बस धरीन. कांडी कुठंही चालते, हे मले आता माहीत आहे.

मागच्या दिवाळीले जेवता जेवता भावानं इचारलं, बटवा लय फुगला दिसते बाई, काय ठेवलं आहे त्यात. मी म्हटलं, सुपारी. अन् त्याच्या ताटात भात वाढला.